कशाच्या मानानं?

मी नोकरी मागायला गेले तेव्हा सरांनी माझं नाव विचारलं नाही, मार्कशीटही बघितली नाही. टेबलाच्या खणातून टॉर्चचा एक सेल काढला, माझ्यासमोर उभा केला आणि म्हणाले, "हा किती व्होल्टचा?"

"दीड."

"कशावरून?"

"त्याच्यावर छापलंय."

"कुणी छापलंय?"

सरांनी मीटर माझ्याकडे सरकवला. मी सेल मोजला आणि दीडपेक्षा जरासा कमी आहे असं सांगितलं. आता तरी हा माणूस 'शाब्बास' म्हणेल असं मला वाटलं होतं.

"हा मीटर कुणाचा?"

"तुमचा."

"म्हणजे पहिल्याच भेटीत माझ्यावर विश्वास ठेवलास," सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसत होतं. "बरं नव्हे हे. सोमवारपासून ये."

कुपवाडच्या एमआयडीसीत तेव्हा आमच्यासारखी पत्र्याची शेडं ओळीनं होती. एका बाजूला ओतकाम, दुसऱ्या बाजूला तेलाचे डबे करणारे, मध्ये आम्ही. आम्ही तापमान आणि वजन मोजायची यंत्रं करायचो. आम्ही म्हणजे तिघं. सर मालक. बाळू सोल्डरिंगपासून झाडलोटीपर्यंत सगळं करणारा, माझ्याहून बराच मोठा, दोन मुलांचा बाप, रोज कवठ्याकडून एसटीनं येणारा. आणि मी, सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली आणि कॉम्प्युटर येतो म्हणून घेतलेली मुलगी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर येणं ही तेव्हा सांगण्यासारखी गोष्ट होती.

ओतकामवाल्यानं भट्टी चालू केली की आमचे दिवे मंद व्हायचे. मग सर हातातलं काम थांबवून त्या भिंतीकडे बघत राहायचे. पलीकडचा माणूस बिचारा स्वतःच्या पोटापाण्याचं करत होता, पण तो हे आपल्यावर डाव धरून करतोय याबद्दल सरांच्या मनात शंका नव्हती. सगळ्या गोष्टींची शंका येणारा हा माणूस या एका बाबतीत अगदी निःशंक होता.

"आज ऊन फार आहे" असं सरांसमोर म्हणायची सोय नव्हती. लगेच "कशाच्या मानानं?" म्हणून विचारायचे. कालच्या मानानं, की गेल्या वर्षीच्या, की तू आत्ता एसटीत सावलीत बसून आलीस त्याच्या? पगार कमी आहे असं बाळू एकदा बोलून बसला. "कशाच्या मानानं?" त्यावर बाळूनं शांतपणे सांगितलं, "पोरांच्या मानानं, सर." सरांनी पुढच्या महिन्यात पगार वाढवला, पण त्या महिन्यात ते बाळूकडे जरा निराळ्या नजरेनं बघत होते. एवढं चपखल उत्तर याला कुणी शिकवलं, हा विचार त्यांना सोडत नव्हता.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, कधीमधी दुपारी डबा घेऊन यायच्या. त्यांनी मला सांगितलं, "आमटी तिखट झाली असं एकदा हेच म्हणाले बघ. मी पळी हातात धरूनच विचारलं, कशाच्या मानानं? त्या दिवसापासून जेवणाबद्दल तोंड उघडत नाहीत. गपगुमान खातात." हे सांगताना वहिनींना फार बरं वाटत होतं.

सरांच्या संशयाला लहानमोठं असं काही नव्हतं. दोन वर्तमानपत्रं घ्यायचे आणि एकच बातमी दोन्हीकडे वाचायचे. दोन्हीकडे सारखीच असली की म्हणायचे, दोघांनी एकाच ठिकाणाहून उचललीय. चहा आला की मी एक कप उचलायची, बाळू एक उचलायचा, आणि मग उरलेला सर घ्यायचे. फोन वाजला की रिसीव्हर कानाला लावून गप्प उभे राहायचे. पलीकडचा आधी बोलला पाहिजे. पलीकडचा दोनदा हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचा. आमच्या निम्म्या ऑर्डरी अशाच गेल्या असाव्यात, असं माझं मत आहे. कॉम्प्युटरचा पासवर्ड टाइप करायची वेळ आली की खिशातला मोठा रुमाल काढून कीबोर्डवर पसरायचे आणि त्याखाली दोन्ही हात घालायचे. कुणी पाहिलं असतं तर हा माणूस कोंबडीखालची अंडी चाचपतोय असं वाटलं असतं.

आणि लिहून ठेवणं नाही. कागद म्हणजे चोराला दिलेलं आमंत्रण, असं त्यांचं म्हणणं. कुठल्या यंत्रात काय घातलं, कुणाला कसं जुळवून दिलं, सगळं डोक्यात. कपाळावर बोट ठेवून म्हणायचे, "इथलं कुणाला उचलता येत नाही."

हा रोग लागणीचा होता. सहा-आठ महिन्यांत मीही घरी आई दूध तापवायला लागली की तिच्या हाताकडे बघायला लागले. रिक्षावाल्यानं 'गणपती मंदिरापाशी रस्ता बंद आहे' म्हटलं की मला ते खरं वाटेना. भाऊ म्हणाला, "तुझे सर तुला चावलेत." मी त्याच्यावर चिडले, आणि मग हा असं का म्हणाला असावा याचा विचार करत बसले.

सर मूळचे औंधकडचे. एरवी शहरी बोलायचे, पण राग आला की बोलणं थेट गावाला जायचं. यमाईच्या डोंगराखाली त्यांचं घर होतं म्हणे, ते मी पाहिलेलं नाही. कुपवाडला येण्याआधी ते साताऱ्यात होते. तिथं एका मित्राबरोबर त्यांनी वजनकाट्याचा डिस्प्ले बनवला होता. रात्रंदिवस खपून केलेलं काम. वर्षाच्या आत मित्र वेगळा झाला आणि त्यानं तोच डिस्प्ले आपल्या नावानं विकायला काढला. सरांनी एक विकत आणून उघडला. आत सगळं हुबेहूब होतं. त्यांच्या हातून सर्किटच्या पट्टीवर एका ठिकाणी चुकून एक जादा भोक पडलं होतं, ते भोकसुद्धा जिथल्या तिथं होतं.

"माझी चूकसुद्धा त्यानं ठेवली न्हाई मला," सर म्हणाले होते. ही हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. मला त्या वेळी त्यांच्याबद्दल फार वाटलं. दोन दिवस मी त्यांच्या सगळ्या तऱ्हा मुकाट्यानं सोसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर आहे का बघितलं आणि माझं ते वाटणं ओसरलं.

साताऱ्याच्या त्या भोकातून सरांनी एक धडा काढला होता. चोर हुबेहूब उचलतो, तर त्याच्यासाठी हुबेहूब उचलण्याजोगं खोटं ठेवावं.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक चिपवरचा नंबर घासला जायचा. मुंबईहून चिपांची पाकिटं आली की बाळू पॉलिश पेपर घेऊन दाराशी उजेडात बसायचा आणि एकेक चिप घासून गुळगुळीत करायचा. मग ती कार्डावर, म्हणजे सर्किटच्या पट्टीवर, बसली की तिच्यावर काळा लेप ओतायचा, म्हणजे कुणी मीटरसुद्धा लावू शकणार नाही. कार्डाच्या कोपऱ्यात एक बारका पितळी स्क्रू असायचा. येणारा सिग्नल किती वाढवायचा ते त्यानं ठरतं. तो सर स्वतः, आमच्याकडे पाठ करून फिरवायचे आणि वर नेलपॉलिशचा थेंब टाकायचे, म्हणजे कुणी हलवला तर कळावं. नेलपॉलिश आणायला ते गणपती पेठेत जायचे. तिथला दुकानदार त्यांना प्रत्येक वेळी नवीन रंग दाखवायचा आणि गालात हसायचा. सरांना वाटायचं, हा आपल्या धंद्याची माहिती काढतोय.

आता लिनक्सचं सांगते. तोवर आमची यंत्रं साधी होती, आकडा दाखवायची आणि संपलं. मग तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजवाल्यांनी मागणी केली की आम्हाला प्रत्येक खोलीचं तापमान कॉम्प्युटरवर पाहिजे, दिवसभराची नोंद पाहिजे. पुण्याच्या एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका सिस्टिमची, सीडी आली होती, ती मी सरांना दाखवली.

"केवढ्याला?"

"फुकट."

सरांनी सीडी खाली ठेवली. फुकट म्हटल्यावर त्यांचा चेहरा जो झाला तो मी विसरणार नाही. कोण देतं? का देतं? त्याचा काय फायदा? मी सांगितलं की आतला सगळा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा. "मग वाच," ते म्हणाले. त्यांनी मला तो खरंच वाचायला लावला. हे लिनक्स आपली माहिती कुणाला गुपचूप कळवतं का ते शोधायला. कळवणार कशावरून, आमच्या कॉम्प्युटरला फोनची वायरसुद्धा जोडलेली नव्हती. पण मी पंधरवडाभर वाचलं, आणि कुणाला काही कळवत नाही असं सांगितलं. सरांनी मला विचारलं, "कळवत असतं तर तू सांगितलं असतंस?" अखेर ते लिनक्सला राजी झाले ते याच कारणासाठी की आत काय चाललंय ते दिसतं. आपल्या चिपांना काळं फासणारा हा माणूस दुसऱ्याच्या उघडेपणावर इतका खूश झाला की रोज कौतुक करायचा.

त्यात एकच गोष्ट त्यांना खुपली, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. ती जरा समजावून सांगते.

मोजणाऱ्या चिपला स्वतःला काही ठाऊक नसतं. तिला एक पक्कं व्होल्टेज द्यावं लागतं. हे बघ बाई, हे इतकं म्हणजे पूर्ण, असं तिला दाखवायचं. आम्ही त्याला रेफरन्स म्हणायचो; ते देणारी एक वेगळी बारकी चिप असायची. मग ती सेन्सरकडून येणारं व्होल्टेज या पूर्णाच्या मानानं किती, तेवढं सांगते. पाव, अर्धं, पाऊण. तिचं काम तिथं संपलं. पण ते पूर्ण म्हणजे मुळात किती व्होल्ट, हे कॉम्प्युटरला कुठून कळणार? वायरीतून ते दिसत नाही. ते माणसानंच लिहून द्यायचं. लिनक्समध्ये त्यासाठी आम्ही एक साधी फाईल ठेवली होती. चिप कुठली, कार्ड कॉम्प्युटरला कुठं जोडलंय, रेफरन्सचा पुरवठा किती व्होल्टचा. फाईलमध्ये लिहाल ते लिनक्स खरं मानतं आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर करतं.

हे मी सांगितलं तेव्हा सर खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे एवढ्या हुशार लोकांनी केलं, आणि शेवटी हे माणसाच्या शब्दावरच चालतंय?"

"हो."

"आणि कुणी खोटं लिहिलं तर?"

"तर आकडा चुकेल."

ते बराच वेळ हसत होते. मला तेव्हा वाटलं, लिनक्सला हसताहेत.

ती फाईल सरांनी स्वतः लिहिली, रुमालाखाली. मी वाचू शकत होते, बदलू शकत नव्हते. बदलायचा पासवर्ड फक्त त्यांना. फाईलमध्ये रेफरन्ससमोर लिहिलं होतं, पाच व्होल्ट. चिपला वीजही पाच व्होल्टचीच असते, त्यामुळे ते सरळ वाटत होतं. यंत्र तासगाव रस्त्याला बसलं, आकडे बरोबर येत होते, कोल्ड स्टोअरेजवाले खूश होते. तरीही सरांनी प्रत्येक खोलीत एक साधं काचेचं थर्मामीटर टांगायला लावलं. मालकांनी विचारलं, तुमचा तुमच्या मशीनवर विश्वास नाही का? सर म्हणाले, "माझ्या मशीनवर मी का विश्वास ठेवू? मी ओळखतो त्याला."

त्यानंतर इस्लामपूरला एक यंत्र गेलं, साताऱ्याला एक गेलं, मिरजेला एक. यंत्रं पाठवण्याआधी मी सहज पाहिलं होतं, तर इस्लामपूरच्या फाईलमध्ये रेफरन्स चार व्होल्ट होता, साताऱ्याच्या तीन. मला वाटलं, सर चिपा वेगळ्या वापरत असतील.

याच सुमारास सरांना बाळूचा संशय यायला लागला.

कारण झालं चहाच्या टपरीचं. मागच्या गल्लीत एकानं आमच्यासारखीच यंत्रं करायला घेतली होती. त्याच्याबरोबर बाळू टपरीवर उभा राहून बोलताना सरांना दिसला. आत येऊन त्यांनी काही विचारलं नाही, आणि सर काही विचारत नाहीत तेव्हा जास्त भ्यायचं असतं. दुसऱ्या दिवशीपासून चिपा घासायला घेतल्या की सर शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. बाळूचा जेवणाचा डबा उघडून बघायला लागले. बाळू झाकण स्वतःच काढून धरायचा आणि म्हणायचा, "भाकरी आन् मेथी हाय, सर." त्याच्या आवाजात कुरकूर नसायची, त्यामुळं मला आणखीच राग यायचा. मी त्याला म्हटलं, "अहो, तुम्ही काही बोलत का नाही?" तर म्हणाला, "ताई, सर तसंच हायत. त्यांचं त्यांनाबी बरं वाटत न्हाई ओ त्ये."

मला मात्र दिसत होतं की बाळूची नोकरी एका धाग्यावर आलीय. दोन मुलं, कवठ्याकडची कोरडवाहू जमीन, त्याला सरांकडच्या कामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. सर फक्त निमित्ताची वाट बघत होते.

निमित्त आलं. कोल्ड स्टोअरेजवाल्यांचा फोन. सर नेहमीसारखे गप्प उभे, पण पलीकडचे मालक रागात असल्यामुळे आपण होऊन बोलले. कॉम्प्युटर चार अंश दाखवतोय, काचेचं थर्मामीटर आठ. तीन-चार दिवस असंच चाललंय. त्याआधी कॉम्प्युटर एकदम दोन दाखवायला लागला म्हणून त्यांच्या माणसानं कॉम्प्रेसर बंद ठेवला, चार आल्यावर चालू केला, आणि इतके दिवस खोली आठावर. बेदाणा काळपट पडला तर भाव कोण देणार?

सर आणि मी स्कूटरवरून निघालो. बाळूला सरांनी शेडवर ठेवलं. निघताना बाहेरून कुलूप लावलं, तो आत असताना. मी म्हटलं, "सर, आत माणूस आहे." ते म्हणाले, "म्हणूनच."

कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात सरांनी फाईल उघडली. मी मागून बघत होते. रेफरन्ससमोर अडीच लिहिलं होतं. पाचाच्या जागी अडीच. सरांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "खरं लिहिलंय."

"मग बरोबरच आहे की."

"खरं कुणी लिहिलं?" ते माझ्याकडे वळले. एवढं घाबरलेलं त्यांना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग रुमाल पसरला, अडीच खोडून पाच केलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा चारचा आठ झाला, थर्मामीटर दाखवत होतं तोच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चिपला दिलेला रेफरन्स खरा अडीचच होता. सर फाईलमध्ये दुप्पट लिहायचे आणि तो पितळी स्क्रू फिरवून सिग्नल निम्मा करायचे. दोन्ही खोटी एकमेकांना सावरायची आणि आकडा बरोबर यायचा. कुणी यंत्र चोरलं, फाईल चोरली, तर त्याच्या हाती पाच लागणार आणि त्याचा प्रत्येक आकडा चुकणार. इस्लामपूरला चार, साताऱ्याला तीन. प्रत्येकाला निराळं खोटं, आणि त्याच्या जोडीचा निराळा स्क्रू. हे सगळं एका डोक्यात. आणि आता कुणीतरी त्यातलं एकच खोटं दुरुस्त करून ठेवलं होतं.

बेदाणा वाचला, थोडा काळवंडला पण वाचला. परतताना सर स्कूटर इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढं जात होते. मध्येच मान वळवून म्हणाले, "बाळू माझ्याबरोबर गेल्या आठवड्यात आलता इथं. सेन्सरची वायर बदलायला."

मला भीती वाटत होती.

शेडचं कुलूप काढलं. बाळू दाराशी उजेडाच्या पट्ट्यात चिपा घासत बसला होता. सरांनी त्याच्यासमोर उभं राहून सुरुवात केली, आणि बोलणं एकदम औंधला गेलं. "किती दिलं रं त्यानं तुला? टपरीवरच्यानं? माझ्या फायलीत हात घातलास व्हय? मी तुला घरातला मानला न् तू—"

"सर, मी काय केलं?"

"शेडची चावी ठिव हितं न् जा. आत्ता."

बाळू उठला. त्याच्या बोटांवर काळी पूड होती, ती त्यानं पँटला पुसली. मला तेव्हा राहवलं नाही. सरांसमोर आवाज चढवायची माझी ही पहिलीच वेळ होती.

"सर, गेल्या आठवड्यात वायर बदलताना बाळूभाऊ कुठं होते?"

"आत. खोलीत."

"किती वेळ?"

"दुपारभर. का?"

"आणि ऑफिसात कॉम्प्युटरपाशी कोण होतं?"

सरांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

"फाईल बदलायचा पासवर्ड कुणाला ठाऊक आहे, सर? मला नाही. बाळूभाऊंना तर कॉम्प्युटर चालूही करता येत नाही. पासवर्ड ठाऊक आणि खरा आकडाही ठाऊक, असा माणूस कोण?"

ओतकामाची भट्टी चालू झाली, दिवे मंद झाले. या वेळी सरांनी भिंतीकडे बघितलं नाही. ते स्टुलावर बसले. आमच्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मालक यायचे होते. बसलो होतो. म्हटलं फाईल बघू. तर पाच दिसलं. वाटलं, कुणीतरी चुकीचं लिहून ठेवलंय. दुरुस्त केलं." आणि थांबले. "मीच लिहिलेलं. मला वळखंना."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मला फार राग आला होता. बाळूची मान खाली होती आणि हा माणूस अजूनही स्वतःबद्दलच बोलत होता.

मग सरांनी वर बघितलं आणि म्हणाले, "बाळू. अडीच हाय. सगळ्या मशीनांत अडीचच हाय."

सरांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती ती गोष्ट ते बाळूला देत होते, माफी म्हणून. हे मला समजलं, बाळूलाही समजलं असणार.

"ठावं हाय मला," बाळू म्हणाला.

"काय?"

"अडीच. चिपंवर लिवलेलंच असतं की. घासायच्या आदी वाचतोच माणूस." त्यानं हातातली चिप टेबलावर ठेवली. "पयल्या दिवसापास्नं ठावं हाय."

सर स्टुलावरून पुढं वाकले. "टपरीवरच्यानं इचारलं न्हाई तुला?"

"इचारलं. तीनदा इचारलं. नोकरी देतो म्हनला, जास्त पगारावर."

"मग?"

"मी पाच सांगितलं."

मग बाळूनं चावी टेबलावर ठेवली. "सर, आजवर मला ठावं हाय हे तुमाला ठावं नव्हतं, म्हनून मी हितं ऱ्हायलो. आता तुमाला झोप लागंल का मी हितं असल्यावर? न्हाई लागायची. मी जातो." आणि तो गेला. न चिडता गेला, हे वाईट होतं. दारातून मला म्हणाला, "ताई, ती इस्त्री तापलीया, बंद करा." इस्त्री म्हणजे आमचं सोल्डरिंगचं हत्यार.

एसटीचा थांबा आमच्या फाटकातून दिसतो. बाळू तिथं जाऊन उभा राहिला. सर मला म्हणाले, "जा, त्याला बोलाव."

"मी नाही जाणार," मी म्हटलं. "तुम्ही जा."

मला वाटलं, आता माझीही नोकरी गेली. सर उठले. चप्पल घातली, आणि शेडला कुलूप न लावता चालत गेले. मी फाटकात उभी राहून बघत होते. भर दुपार. दोघं थांब्याखाली उभे, मध्ये एका माणसाचं अंतर, दोघांचं तोंड रस्त्याकडे. कवठ्याची एक एसटी आली, थांबली, गेली. बाळू चढला नाही. सरांचे ओठ हलताना दिसले, थोडेसेच. बाळूनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. आणखी एक एसटी आली आणि गेली.

ते परत आले तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते. बाळू सरळ आपल्या जागी जाऊन बसला आणि चिप उचलून घासायला लागला. सर आत गेले. मी बाळूजवळ जाऊन हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

बाळूनं चिप उजेडात धरून बघितली, नंबर पुरता गेलाय की नाही.

"म्हनले, माझ्याच्यानं एकट्यानं ध्यानात ऱ्हाईना झालंय. तू ध्यानात ठिव."